शेजारच्या 'मिनी सिटी'चा रिव्ह्यू, तिथे फ्लॅट न घेता

आधीच सांगते, या प्रोजेक्टमधे माझा फ्लॅट नाही. त्याच्या कंपाउंडला लागून जी जुनी पाच मजली सोसायटी आहे ना, पुण्यात हिंजवडीजवळच्या म्हाळुंगेत, तिथे मी राहते आणि कोणी व्हायला तयार नसतं म्हणून सेक्रेटरीही मीच आहे. आत राहणाऱ्यांचे रिव्ह्यू ढीगभर मिळतील, क्लबहाऊस मस्त, व्ह्यू मस्त, पोरांना खेळायला जागा मस्त, सगळं पाच स्टार. भिंतीच्या अलीकडच्यांना कोणी विचारत नाही, म्हणून हा भिंतीच्या अलीकडचा रिव्ह्यू. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना बोर्ड बघून कळेलच, बोर्ड हायवेवरून दिसतो.

वस्तू काय आहे ते थोडक्यात: राहायचे उंच टॉवर, एक काचेची ऑफिस बिल्डिंग, आणि रस्त्याच्या कडेने खाली दुकानं, वर रेस्टॉरंटं, ज्याला ते हाय स्ट्रीट म्हणतात. पुढच्या फेज अजून बाकी आहेत. जाहिरातीत 'वॉक टू वर्क' असं मोठ्ठं लिहिलेलं. आता पुण्यात हे काय आभाळातून पडलेलं नाही, पेठांमधे खाली दुकान वर बिऱ्हाड हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, रविवार पेठेत आजही भांड्यांच्या दुकानावर माणसं राहतात. उपनगरं बांधताना मात्र आपण नुसत्या झोपायच्या बिल्डिंगा बांधत सुटलो, कोपऱ्यावर एक किराणा आणि एक दूध डेअरी, बास. त्यामुळे कल्पनेला माझा विरोध अजिबात नाही, उलट उशीरच झाला.

दुकानांचा फायदा खराखुरा आहे, ते कबूल करायलाच पाहिजे. आधी रात्री पोराला ताप आला तर औषधाला हायवे ओलांडून बालेवाडीत जावं लागायचं, आता मेडिकल समोर आहे आणि अकरापर्यंत उघडं असतं. सासूबाईंचं गुडघ्याचं फिजिओथेरपीचं क्लिनिक तिथेच आहे, त्या काठी घेऊन एकट्या जातात, कोणी गाडी काढायची वाट बघत नाहीत, या एका गोष्टीसाठी मी त्या बिल्डरला दोन स्टार जास्त द्यायला तयार आहे. रस्त्यावर दिवे आले. रात्री नऊला बायका बिनधास्त चालायला निघतात, पूर्वी संध्याकाळी सातनंतर तिथे कुत्री आणि डंपर याशिवाय काही नसायचं.

पण दुकानं कुठली आहेत ते बघा. वॅफल पाच ठिकाणी मिळतं, कॉफी अडीचशेला मिळते, कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान आहे, आणि अख्ख्या लाईनीत एक पिठाची गिरणी नाही. दळण टाकायला सूसगावात जावं लागतं. चप्पल शिवणारा नाही, इस्त्रीवाला नाही, कुकरची शिट्टी दुरुस्त करणारा नाही. कारण उघड आहे, गाळ्याचं भाडं लाखात गेलं की तिथे गिरणी परवडत नाही, तिथे तेच चालणार ज्याच्यावर मार्जिन तगडं आहे, आणि तेही टिकत नाही, दर काही महिन्यांनी पाटी बदलते, आतलं फर्निचर फोडून पुन्हा नवीन फर्निचर, आणि ते फोडाफोडीचं काम रात्री. कोपऱ्यावर टेम्पो लावून एक काकू भाजी विकायच्या, मेथीची जुडी सोडवून आतून दाखवायच्या चिखल आहे का बघा म्हणून, त्यांना 'फ्रंटेज'समोर नको म्हणून उठवलं. आता भाजी प्लॅस्टिकच्या डब्यात मिळते, चार भोपळी मिरच्या, स्टिकर लावून.

बरं, आता ज्याच्यासाठी बहुतेक लोक हे वाचताहेत तो मुद्दा. रेट. मला नातेवाइकांपासून वॉचमनपर्यंत सगळे एकच विचारतात, 'शेजारी एवढं मोठं आलं, तुमची तर लॉटरीच लागली असेल ना?' तर ऐका.

आमच्या विंगमधल्या एका काकांनी टू बीएचके विकायला काढला, मुलगी बंगलोरला असते, त्यांना तिकडे जायचं होतं. एजंट आला, त्याने भिंतीपलीकडच्या टॉवरकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, 'काका, तिकडे एक कोटी पाचच्या खाली काही नाही, तुमचा नव्वद डोळे झाकून जाईल.' काका आठवडाभर हवेत होते. मग ग्राहक यायला लागले. प्रत्येक जण आधी भिंतीपलीकडचा सॅम्पल फ्लॅट बघून आलेला, डोक्यात तो डबल हाइट लॉबीचा वास घेऊन, आणि मग आमच्या एकुलत्या एका लिफ्टमधे शिरायचा. स्विमिंग पूल नाही, जिम नाही, पार्किंग एकामागे एक. त्यात तिकडे गुढीपाडव्याला, दसऱ्याला ऑफर, आत्ता १० टक्के भरा बाकी पझेशनला, फ्लोअर राईज, म्हणजे वरच्या मजल्याचे जादा पैसे, माफ, मॉड्युलर किचन फुकट. शिवाय तिथेच ज्यांनी सुरवातीला इन्व्हेस्टमेंट म्हणून दोन-दोन घेऊन ठेवलेत ते आता एक विकायला बसलेत, त्यांचे कोरे फ्लॅट काकांच्या फ्लॅटशी स्पर्धेत. बऱ्याच महिन्यांनी काकांचा व्यवहार शहात्तर लाखांना झाला. वाईट किंमत नाही ती, पण नव्वद पण नाही.

म्हणजे शेजारी नवीन काही आलं की दोन गोष्टी एकदम होतात आणि एजंट त्यातली एकच सांगतो. परिसर सुधारतो, दुकानं दिवे येतात, त्याने तुमच्या घराची किंमत वर जाते, हे खरं. पण त्याच वेळी तुमच्या दाराशी शेकडो नवे फ्लॅट विकायला उभे राहतात, ग्राहकाला पर्याय मिळतो, त्याने तुमची किंमत दबते. पझेशन चालू असताना, फेजवर फेज येत असताना, दुसरी गोष्ट जोरात असते. त्या काळात जुना फ्लॅट विकायला काढणं म्हणजे लग्नाच्या हॉलबाहेर घरचा डबा विकायला बसणं.

आणि जो एक कोटी पाचचा आकडा तोंडावर फेकतात ना तो पण नीट सोडवून बघा, कारण तुलना नेहमी वाकडी केली जाते. तिकडचा आकडा 'ऑल इन्क्लुझिव्ह' असतो. समजा अॅग्रीमेंट ९५ लाखांचं आहे आणि बांधकाम चालू आहे, तर स्टॅम्प ड्युटी मेट्रो सेस धरून ७ टक्के म्हणजे ६ लाख ६५ हजार, जीएसटी ५ टक्के म्हणजे ४ लाख ७५ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, झाले १ कोटी ६ लाख ७० हजार. बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर ड्युटीत एक टक्का सूट, तेवढं कमी करा. जुन्या रीसेल फ्लॅटला, कम्प्लीशन होऊन गेलेलं असल्यामुळे, जीएसटी लागतच नाही. हे आमच्या काकांच्या एजंटने एकाही ग्राहकाला सांगितलं नाही. दुसरं, तिकडचा एरिया रेरा कायद्याचा कार्पेट, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, आणि आमचा कागदावरचा एरिया जुन्या पद्धतीचा सेलेबल, ज्याच्यात जिना, लॉबी, डक्ट सगळं कोंबलेलं. त्यामुळे स्क्वेअर फुटाचा भाव शेजारी शेजारी ठेवून काही अर्थ नाही, आधी दोन्हीकडचा कार्पेट काढा, टेप लावून मोजा लागलं तर, मग भागाकार करा.

पोर्टलवरचे रेट बघून तर कोणीच काही ठरवू नका, ते मागणारे रेट असतात, मिळालेले नव्हे. मिळालेला रेट बघायचा तर इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेल्या दस्ताचा गोषवारा, बघायचा. आयजीआर महाराष्ट्रच्या, म्हणजे नोंदणी खात्याच्या, साईटवर ई-सर्च आहे, जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर किंवा मिळकतीचा नंबर, वर्ष टाका, कॅप्चाशी दोन-तीनदा मारामारी करा, रजिस्टर झालेले दस्त दिसतात, किंमत मोबदल्यासकट. मी आमच्या आणि आजूबाजूच्या जुन्या सोसायट्यांचे बघितले, रविवार दुपार गेली पण डोळे उघडले. उडी जी काय मारायची ती रेटने बोर्ड लागला तेव्हाच मारलेली दिसते, सगळे म्हणायला लागले आता इथे अमुक येणार तमुक येणार तेव्हा. प्रत्यक्ष टॉवर उभे राहिल्यावर जुन्या बिल्डिंगांचे व्यवहार हळूहळू सरकतायत, उड्या बिड्या काही नाहीत. म्हणजे दुकान उघडायच्या आधीच त्या दुकानाचे पैसे किमतीत आलेले असतात. आत्ता जो कोणी 'हाय स्ट्रीट होतोय, घेऊन ठेवा' म्हणून तुम्हाला बाजूचा जुना फ्लॅट विकतोय त्याला हे विचारा.

मेट्रोचंही तसंच. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर लाईन तीन, २३ किलोमीटर आणि २३ स्टेशनं, भूमिपूजन डिसेंबर २०१८ मधे झालं, तेव्हापासून इकडच्या प्रत्येक ब्रोशरमधे मेट्रो पाच मिनिटांवर आहे. पाच मिनिटं कशाने ते लिहीत नाहीत. मेट्रोच्या नावाने पैसे लोकांनी कधीच मोजलेत.

एक कटकट रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरांची. शासनाने तीन वर्षं दर तसेच ठेवले होते, १ एप्रिल २०२५ पासून वाढवले. ड्युटी करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यात जी जास्त असेल तिच्यावर लागते. बाजूला नवीन महागडे दस्त व्हायला लागले की त्या भागाचा सरकारी दर वर जातो, आणि जुन्या बिल्डिंगला वयाप्रमाणे घसारा मिळत असला तरी पायाच वर सरकलेला असतो. करारातली किंमत सरकारी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त खाली गेली तर विकणारा आणि घेणारा दोघांनाही इन्कम टॅक्सचं उत्तर द्यावं लागतं. म्हणजे बाजारात भाव मिळत नाही आणि कागदावर भाव वाढलेला, असा मधल्यामधे लटकायचा प्रकार होऊ शकतो. काकांच्या वेळी थोडक्यात वाचलं, सीएला दोनदा फोन करावा लागला.

मग फायदा कोणाला झाला? भाडं खाणाऱ्यांना. तिथे मात्र एजंट खोटं बोलत नाहीत. काचेच्या बिल्डिंगमधे ऑफिसं सुरू झाली आणि आमच्याकडचं टू बीएचकेचं भाडं जे अठरा-एकोणीस होतं ते सत्तावीसवर गेलं, आणि रिकामा फ्लॅट आठवडाभरही राहत नाही. कारण टॉवरमधला फ्लॅट भाड्याने चाळीसच्या पुढे, आणि चालत ऑफिसला जायचंय पण चाळीस द्यायचे नाहीत अशी पोरं भरपूर. त्यांना आमची एक लिफ्ट चालते. विकताना जी स्पर्धा नडते ती भाड्याला नडत नाही, उलट कामाला येते. त्यामुळे माझं मत विचाराल तर ज्यांना विकायची घाई नाही आणि दुसरीकडे राहायची सोय आहे, त्यांच्यासाठी शेजारचा प्रोजेक्ट सोनं आहे. जे स्वतः राहतात त्यांच्या हातात त्यातलं काय पडलं, तर मेडिकल आणि धूळ.

आणि या भाड्याने सोसायटी आतून बदलते, हे कोणी सांगत नाही. मालक एकेक करून बाणेर, बावधनला मोठ्या घरात गेले, फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर दिले, आता आमच्याकडे निम्म्याहून जास्त भाडेकरू आहेत. पोरं चांगली आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, गणपतीत आरतीला येतात, एकाने तर मोदकही वळले. पण एजीएमला कोरम होत नाही. बाहेर राहणारा मालक म्हणतो मेंटेनन्स वाढवू नका, गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढच्या वर्षी बघू, कारण गळतं त्या घरात तो राहत नाही. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिला की मालकाला लागतो तो, नियमाने सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांवर लावता येत नाही, त्यामुळे त्यातून सोसायटीला काय खाक मिळणार. आणि आमच्या शेजारच्या शाळेतल्या एक टीचर, नवरा कुरियरमधे, दोन मुलं, कित्येक वर्षं इथे भाड्याने होत्या, करार संपला तेव्हा मालकाने नवीन भाडं सांगितलं, त्या नांदे गावात गेल्या. आता रोज दोन बस करून येतात. वॉक टू वर्क आधी त्यांचं होतं.

पाणी. इथे मी जरा तापून लिहिणारे, माफ करा. म्हाळुंगे, सूस ही गावं ३० जून २०२१ ला आणखी एकवीस गावांबरोबर महापालिकेत आली. टॅक्सचा कागद लगेच आला, पाणी टप्प्याटप्प्याने येतंय. या पट्ट्यात परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घ्यायची पद्धत आहे की पालिकेचं पाणी पुरेसं येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. आणि सोय म्हणजे टँकर. आता हिशोब करा, ऑफिसं, रेस्टॉरंटं, टॉवर, सगळ्यांना तेच टँकर लागतात, आणि मोठं गिऱ्हाईक महिन्याचं कॉन्ट्रॅक्ट करून पैसे आधी टाकतं. आमच्यासारखी छोटी सोसायटी फोन करते तेव्हा टँकरवाला म्हणतो, 'ताई, संध्याकाळी बघतो.' एप्रिल-मे मधे संध्याकाळ दुसऱ्या दिवशी दुपारी उगवते. आमची बोअर, जी जानेवारीपर्यंत तरी साथ द्यायची, ती दिवाळीनंतरच फुसफुस करायला लागली, शेजारी खोल बेसमेंट खणताना महिनोन्‌महिने पंप लावून पाणी उपसत होते ते आम्ही सगळ्यांनी बघितलंय, कारण काय ते भूजलवाले सांगतील, मी फक्त बोअर आणि पंप दोन्ही बघितले. टँकरचं पाणी कुठलं हेही कोणी विचारत नाही. जानेवारी २०२५ मधे सिंहगड रोडला नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, पेशंट वाढले तेव्हा पाण्याकडे बोट गेलं, तेव्हा आठवडाभर सगळ्यांनी टँकरमधे क्लोरीन आहे का विचारलं, मग परत विसरले. आम्ही तेव्हापासून टेस्ट किट ठेवलंय, दोन थेंब टाकायचे आणि रंग बघायचा, पिवळा आला तर ठीक, पांढरा राहिला तर ड्रायव्हरशी भांडण.

रस्त्याबद्दल थोडक्यात, कारण हिंजवडीच्या रस्त्याबद्दल नवीन काय लिहिणार. राधा चौकात जे व्हायचं तेच होतं, फक्त आता ते शनिवार-रविवारीही होतं. डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, नकाशात रुंद आहे, जमिनीवर मधेच एका शेताशी येऊन संपतो. ऑफिसच्या बिल्डिंगला पार्किंग आहे पण पैसे आहेत, म्हणून गाड्या आमच्या गेटसमोर. शनिवारी रात्री आमच्या वॉचमनचं काम एकच, 'साहेब, इथे नका लावू.' एकदा अॅम्ब्युलन्स आत यायला अडली तेव्हापासून आम्ही चेन लावली, तर रेस्टॉरंटच्या व्हॅले पार्किंगवाल्यानेच ती काढून ठेवली. हद्द आहे.

आवाज. वरच्या मजल्यावर जे रूफटॉप आहे त्याचा स्पीकर बरोब्बर आमच्या सी विंगकडे तोंड करून. ध्वनिप्रदूषणाच्या नियमात रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाला ६५ आणि ५५, रात्र म्हणजे १० ते ६. आता मिश्र वापर आहे तिथे कुठला आकडा? नियम म्हणतो सक्षम अधिकाऱ्याने चारपैकी एक प्रकार ठरवावा. इथे रेस्टॉरंटवाला म्हणतो आम्ही कमर्शियल, आम्ही म्हणतो आम्ही रेसिडेन्शियल, मधे दहा फुटांची भिंत. ११२ ला फोन केल्यावर पोलीस येतात, आवाज कमी होतो, ते गेले की हळूहळू परत चढतो. आवाजापेक्षाही नकोसा प्रकार म्हणजे किचनचा एक्झॉस्ट. तळणाचा वास पडद्यात बसतो, सी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी बाल्कनीत पापड वाळत घालणं सोडलं, म्हणतात घातले तर शेजवान पापड होतात. हसू येतं पण त्यांचा फ्लॅट बघायला येणारा माणूस बाल्कनीचं दार उघडतो, नाक उडवतो आणि पाच लाख कमी बोलतो. त्याच बिल्डिंगच्या ए विंगला, नदीच्या बाजूला, यातलं काही नाही. म्हणजे 'आजूबाजूच्या घरांची किंमत' असं एक काही नसतंच, एकाच सोसायटीत एका विंगचं चांगलं झालं आणि दुसरीचं वाटोळं. विंग बघा, मजला बघा, खिडकी कुठे उघडते ते बघा.

हे सगळीकडेच असं होतं का, तर नाही, आणि म्हणूनच चिडचिड जास्त होते. हडपसरची मगरपट्टा टाऊनशिप बघा, सुमारे चारशे एकर, शेतकऱ्यांनी जमीन एकत्र करून स्वतःच विकासात भागीदारी घेतली, सायबरसिटीतली ऑफिसं आणि घरं दोन्ही आत, पण कुठे काय हे आधी आखून, झाडी आणि रस्ते आधी. तिथे तळणाचा वास कोणाच्या पापडात जात नाही. नांदेड सिटी त्याच वाटेने सिंहगड रोडला झाली. २००५-०६ च्या टाऊनशिप पॉलिसीत किमान शंभर एकराची अट होती, अमनोरा त्या पॉलिसीतून आलं. एवढ्या जागेत ऑफिस आणि बेडरूम यांच्यात अंतर ठेवता येतं. पण त्याही टाऊनशिपांचं बाहेरच्यांना विचारा, आतमधे गुळगुळीत रस्ता आणि गेटबाहेर हडपसर गाडीतळ. आतला बगीचा बाहेरच्याच्या किमतीत येत नाही, बाहेरच्याला मिळते ती आतल्यांची ट्रॅफिक. या बाबतीत आमचा हाय स्ट्रीट बरा, तो निदान सगळ्यांना उघडा आहे. बालेवाडी हाय स्ट्रीटने बालेवाडीचं नाव केलं ते उघडा आहे म्हणूनच, आणि तिथल्या शेजाऱ्यांना झोप लागत नाही तीही त्यामुळेच. आमच्याकडे झालं असं की जागा टाऊनशिपच्या मानाने अगदीच थोडी, आणि आव सिटीचा.

आता जे लोक अशा प्रोजेक्टच्या बाजूला घर घ्यायचा किंवा विकायचा विचार करताहेत त्यांच्यासाठी कामाचं. महारेराच्या साईटवर प्रोजेक्टचा मंजूर लेआउट असतो, तो डाउनलोड करा आणि ब्रोशरमधलं हिरवं झाडांचं चित्र बाजूला ठेवा. पुढच्या फेजमधे तुमच्या खिडकीसमोर काय येणार आहे, डीजी सेट म्हणजे जनरेटर कुठे, कचऱ्याची जागा कुठे, बेसमेंटचा रॅम्प कुठून निघतो, ते तिथे दिसतं. आमच्या बी विंगसमोर 'फ्युचर डेव्हलपमेंट' असा एक मोकळा चौकोन होता, सगळ्यांना वाटलं बाग, तिथे आता पार्किंग टॉवर येतोय. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मंजूर लेआउट बदलायचा तर दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते, पण ती त्या प्रोजेक्टमधल्या फ्लॅटधारकांची, शेजाऱ्यांची नाही. म्हणून आतल्या लोकांशी ओळख ठेवा. आम्ही ठेवली, चहाला बोलावलं, तर कळलं त्यांची वेगळीच रडगाणी आहेत. दुकानांचं आणि टॉवरचं एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, एकच, बिल कोणी किती भरायचं यावर भांडण, दुकानवाले म्हणतात आम्ही फ्लश किती वेळा करतो, टॉवरवाले म्हणतात रेस्टॉरंटचं तेलकट पाणी कोण साफ करतं. अंतर्गत रस्ता कोणाच्या मालकीचा हेही नक्की नाही. एकेका टॉवरची सोसायटी झाली तरी सगळ्यांची मिळून वरची फेडरेशन झालेली नाही तोवर हे असंच चालणार. कोणी आत घर घेत असेल तर अॅग्रीमेंटमधे कमर्शियलचा मेंटेनन्स वाटा काय लिहिलाय ते पान आधी वाचा, क्लबहाऊस नंतर बघा. आणि रजिस्टर्ड अॅग्रीमेंट झाल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त पैसे द्यायचे नाहीत, ते कितीही गोड बोलले तरी.

साईटवर रविवारी सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळं छान असतं, कारंजं चालू असतं. शुक्रवारी रात्री दहाला जा, आणि मे महिन्यात जा.

स्टार द्यायचे तर: दुकानं आणि दिवे, चार. भाडं, मालक असाल तर पाच, भाडेकरू असाल तर एक. विक्रीची किंमत, तीन, आणि तेही ए विंगला, सी विंगला दीड. पाणी, शून्य देता येत नाही म्हणून एक. शेजाऱ्यांशी वागणूक, दोन, कारण दोनदा मीटिंगला बोलावलं, सामोसे चांगले होते, मिनिट्स आजतागायत आले नाहीत.

पुढच्या फेजच्या पार्किंग टॉवरचा प्लॅन मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय. बी आणि सी विंगवाल्यांनी रॅम्पचं तोंड कुठे आहे ते बघून घ्या, हरकतीचं पत्र तयार आहे, सह्या शनिवारपर्यंत पाहिजेत. बाहेरगावी असलेल्या मालकांनी निदान ईमेल तरी करा.